कार्कासोन नकली कसं?

कुणीतरी लिहिलंय की फ्रान्समधलं कार्कासोन हे तटबंदीचं जुनं शहर म्हणजे १९व्या शतकातला सिनेमाचा सेट, त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळायलाच नको होता. अर्धंच पटलं.

वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांनी १८५३मध्ये तिथल्या तटबंदीच्या जीर्णोद्धाराचं काम सुरू केलं, त्याआधी ती पाडायचा सरकारी निर्णय झाला होता. स्थानिक इतिहासप्रेमी आणि ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक असलेले लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी विरोध केला म्हणून दुहेरी तट आणि ५२ बुरूज वाचले. आता बुरुजांवरच्या त्या टोकदार स्लेटच्या छपरांबद्दल म्हणाल, तर टीका रास्तच आहे. दक्षिण फ्रान्समध्ये मातीच्या कौलांची रीत. स्लेट तिथे उपरीच वाटते. पण युनेस्कोने १९९७मध्ये नोंद करताना हा जीर्णोद्धार लपवला नाही. संवर्धनशास्त्राच्या इतिहासातला टप्पा म्हणून त्यालाही महत्त्व दिलं.

मला खटकतं ते वेगळंच. दोन तटांच्या मधल्या जागेत गरीब विणकरांची घरं होती. ‘मध्ययुगीन’ रूप यावं म्हणून तीही हटवली. छपरांवर इतकी चर्चा होते, या माणसांवर जवळजवळ नाहीच. तीही त्या किल्ल्याच्या इतिहासाचाच भाग होती ना?

वेल्समधलं कॉनवी याच्या उलट. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३पासून बांधलेला किल्ला आणि सुमारे १.३ किलोमीटरचा शहरतट. किल्ल्यावर छप्पर नाही, पडझड झालेली तशीच ठेवून भिंती मजबूत केल्यात. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच आहे: अंदाजपंचे सुरू झालं की पुनर्बांधणी थांबवायची. पण हा नियम १८५३च्या माणसाला कसा लावणार?