दुसऱ्याची कविता 'ही वाचाच' म्हणून पुढे कशी करावी?

कोरीवही

आमच्या हौशी कवींच्या ग्रुपवर रोज नव्या कविता येतात. सकाळी आलेली कविता दुपारपर्यंत वर कुठेतरी गडप होते. खाली 'वाह', 'अप्रतिम', 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) आणि दोन फुलं. पुढची कविता आली की तीच फुलं तिकडे.

अधूनमधून त्यातली एखादी मनापासून आवडते आणि वाटतं, ही आणखी चार जणांच्या नजरेखालून जायला हवी. पण 'ही नक्की वाचा, खूप सुंदर आहे' असं लिहिलं तर कुणी उघडतसुद्धा नाही. मागे एकाने विचारलं, 'ओळखीची वाटतं?' आणि दुसऱ्याने तिथेच स्वतःची लिंक चिकटवली, 'आता हीपण सुचवा की राव.'

सध्या मनात आहे ती एका नवीन सदस्य बाईंची कविता. वृत्तात लिहिलीय. त्यांना विचारूनच एक कडवं इथे देतोय:

तुझी वाट पाहून दारात छत्री
उभी कोरडी, आत पाऊस चालू
कुणी येत नाही कळते तरीही
दिवा ठेवते मी पुन्हा ओसरीला

तिसऱ्या ओळीत काहीतरी अडखळतं, नेमकं काय ते मला सांगता येत नाही. अशी कविता सुचवावी का? सुचवली तर चूक दाखवून की न दाखवता? आणि लोक उघडतील असं लिहायचं तरी काय?

खडूस_वाचक

लाइक करा आणि पुढे चला. चांगली कविता आपोआप टिकते. सुचवासुचवी सुरू झाली की कंपू तयार होतात. तू माझी पाठ खाजव, मी तुझी.

मात्रेकरी

खडूसराव, चांगली कविता आपोआप टिकते हे म्हणायला बरं वाटतं. टिकलेल्याच तेवढ्या आपल्याला दिसतात, बुडालेल्या मोजणार कोण? ज्या टिकल्या त्यासुद्धा कुणीतरी कुणालातरी 'हे ऐक' म्हणून म्हणून दाखवल्या, म्हणूनच टिकल्या.

आता कोरीवहींना. 'खूप सुंदर' हे कवितेचं वर्णनच नव्हे. त्यातून कळतं ते इतकंच की तुम्हाला बरं वाटलं. तुम्हाला बरं वाटलं म्हणून मी माझी पाच मिनिटं का घालवू? त्यापेक्षा ओळ द्या. एकच, फार तर दोन. ज्या ओळीपाशी तुम्ही थांबलात ती. या कडव्यात ती दुसरी आहे, यात मला तिळमात्र शंका नाही.

बघा काय झालंय. पहिल्या ओळीत छत्री माणसासारखी दारात वाट बघतेय. इथवर ठीक, असं आपण बरंच वाचलंय. मग 'उभी कोरडी'. कोरडी म्हणजे तिला कुणी बाहेर नेलेलंच नाही. आणि पाऊस आहे तो आत. रडणं, अश्रू, डोळे, एकही शब्द नाही. त्यात 'चालू'! आपण पंखा चालू म्हणतो, नळ चालू म्हणतो. दुसऱ्या कुणी तिथे 'पाऊस दाटे' लिहिलं असतं, वृत्तात तेही चपखल बसलं असतं आणि ओळ मेली असती. या बाईंनी रोजचा, थोडा खरखरीत शब्द ठेवला आणि त्यानेच घर डोळ्यांपुढे आलं. शिफारशीत एवढंच लिहा. याहून जास्त लिहिलंत तर कविता वाचायची गरजच उरणार नाही.

चौथी ओळ मात्र दाखवायला काढू नका. ओसरीवरचा दिवा मराठी कवितेत इतक्या जणांनी लावलाय की आता तेल कुणी घालायचं हा प्रश्न आहे. कडवं पडतं ते तिथे. वृत्ताचं नंतर.

तिसरी ओळ का अडखळते ते सांगतो. हे भुजंगप्रयात वृत्त आहे, चार 'य' गण, म्हणजे लगागा हा तीन अक्षरांचा गट चार वेळा, ओळीत १२ अक्षरं. 'ल' म्हणजे लघु, एका मात्रेचं अक्षर, 'गा' म्हणजे गुरू, दोन मात्रांचं. मनाच्या श्लोकांची चाल सगळ्यांच्या कानात असते, तीवर म्हणून बघा. 'कुणी येत, नाही' इथपर्यंत सरळ जाल आणि 'कळते'वर ठेच लागेल. बोलताना आपण 'कळ्-ते' म्हणतो म्हणून कानाला दोन गुरू वाटतात, पण वृत्तात क-ळ-ते म्हणजे ललगा होतं, आणि हवंय लगागा. अक्षरं बोटांवर मोजली तर बाराच्या बाराच भरतात. म्हणूनच बाईंच्या लक्षात आलं नसणार. नवीन लिहिणाऱ्यांचं इथेच होतं, अक्षरं मोजतात आणि लघु-गुरू राहून जातात.

तरीही सुचवावी का? जरूर सुचवा. निर्दोष वृत्तातल्या निर्जीव कविता रोज येतात, त्यांच्या जिलब्या पाडायला माणसं तत्पर आहेत. दुसऱ्या ओळीसारखी ओळ रोज येत नाही. फक्त शिफारशीत 'वृत्तावर उत्तम पकड' वगैरे लिहू नका. ज्याला वृत्त कळतं तो तिसऱ्या ओळीपाशी हसेल आणि पुढच्या वेळी तुमचं काही उघडणार नाही. उलट 'एका जागी वृत्त अडखळतं, तरी वाचा' असं स्पष्ट लिहिलंत तर त्याचा तुमच्यावर भरवसा बसेल.

आणखी एक. 'सगळ्यांनी वाचा' म्हणजे कुणीच वाचू नका. कुणासाठी ते लिहा. ही कविता कुणासाठी आहे? वृत्तात लिहायचंय पण 'मम', 'तव', 'नयनी'च्या चिखलातून पाय निघत नाही, अशांसाठी. असे आपल्या ग्रुपवर डझनभर असतील आणि तेवढे उघडले तरी पुष्कळ झाले.

ओवीबाई

मात्रेकरी, छत्रीबद्दल +१. 'चालू'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पण चूक जाहीरपणे लिहिण्याशी मी अजिबात सहमत नाही. नवीन बाई आहेत. पहिल्यांदा कुणीतरी त्यांची कविता पुढे करतंय, आणि त्यातच 'वृत्त अडखळतं'. पुढचे दहा प्रतिसाद त्या एका 'कळते'वरच येणार. छत्री राहील बाजूला आणि लघु-गुरूंची खणाखणी सुरू होईल. आपली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत.

त्यापेक्षा आधी त्यांना खाजगीत विचारा. दुरुस्ती अवघड नाहीच:

कुणी येत नाही कळे हे तरीही

'क-ळे-हे', लगागा. काळही वर्तमानच राहतो. मी आधी 'कळाले' बसवून पाहिलं, तेही वृत्तात बसतं. पण मग एकदा कळलं आणि संपलं असं होतं. तिला ते रोज कळतंय, म्हणून तर ती दिवा लावतेय. अर्थात शेवटी त्यांची कविता, त्यांची मर्जी. 'अमुक करा' असं सांगू नका, 'असं चालेल का' असं विचारा.

मात्रेकरी

'कळे हे' छान आहे. थोडं जुन्या वळणाचं वाटतं, पण चालेल. खाजगीत सांगण्याचं मान्य. दुरुस्ती झाली तर उल्लेखाचा प्रश्नच मिटला. त्यांनी 'राहू दे' म्हटलं तर मात्र मी लिहीनच.

शेरसवाशेर

गझलवाला आहे म्हणून विचारतो. एकच ओळ द्यायची हे सगळ्या प्रकारांना कसं लागू होईल?

मात्रेकरी

नाहीच होत, बरं झालं विचारलंत.

तुमचं काम सगळ्यात सोपं. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असायला हवा, हे सुरेश भटांपासून आपण सगळे घोकतोय. मग एक शेर उचलून दाखवला तर गझलेचं काही बिघडत नाही. फक्त मतलाच, म्हणजे पहिला शेरच, उचलायचा आळस करू नका. मतल्यात रदीफ-काफिया (शेवटी येणारे तेच शब्द आणि त्याआधीचं यमक) कळतात, पण बहुतेकांची खरी गंमत तिसऱ्या-चौथ्या शेरात असते. दोन्ही मिसरे, म्हणजे शेराच्या दोन्ही ओळी, द्या. नुसता वरचा मिसरा म्हणजे अर्धवट सोडलेलं वाक्य.

सुनीताचं उलटं. केशवसुतांनी मराठीत आणलेला हा चौदा ओळींचा प्रकार. त्यात बहुधा आठव्या ओळीनंतर विचार वळण घेतो. शेवटच्या दोन ओळी शिफारशीत दिल्यात तर रहस्यकथेच्या वेष्टनावर खुन्याचं नाव छापल्यासारखं होईल. पहिल्या आठांतली एखादी द्या.

हायकूत प्रश्नच उद्भवत नाही. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुळलेल्या या तीन ओळी. दोन दिल्या तर उरलं काय? तिथे नुसतं कशाबद्दल आहे ते सांगावं आणि लिंक द्यावी.

मुक्तछंद सगळ्यात नाजूक. तिथे ओळ कुठे तोडली हाच अर्धा अर्थ. फॉरवर्ड करताना ओळी एकमेकींना चिकटतात, किंवा मोबाइलच्या रुंदीप्रमाणे भलतीकडे तुटतात, आणि कविता परिच्छेद होऊन बसते. मुक्तछंद सुचवताना लागोपाठच्या दोन-तीन छोट्या ओळी द्या आणि पाठवण्यापूर्वी स्वतःच्या फोनवर कशा दिसतात ते बघा.

ओवीबाई

पूर्ण कविता कॉपी करून फिरवू नका, हेही सांगा कुणीतरी. पहिल्या दोन हातांत नाव टिकतं, तिसऱ्या हातात 'कवी: अनामिक' होतं आणि चौथ्यात एखाद्या बड्या नावावर खपतं. शिवाय बरीच मासिकं अप्रकाशित कविताच घेतात. आपल्या छोट्या ग्रुपवर होतं ते एकवेळ ठीक. तुम्ही सगळीकडे पसरवलीत आणि संपादकांनी 'ही तर आधीच फिरतेय' म्हणून परत केली, तर नुकसान त्या बाईंचं.

खडूस_वाचक

बरं, ओळ द्या, नाव द्या, लिंक द्या, मान्य. कंपूचं काय? त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

मात्रेकरी

लावतो. ओळख असेल तर 'या माझ्या ओळखीच्या आहेत' असं पहिल्याच वाक्यात लिहून टाकायचं, मग कुणाला कुजबुजायला जागा राहत नाही. ज्याने परवा आपली कविता सुचवली, त्याची महिनाभर तरी सुचवायची नाही. आणि खरी परीक्षा ही: ज्याच्या बाकीच्या कविता तुम्हाला अजिबात आवडत नाहीत, त्याची एखादी आवडली तर ती पुढे करता का? मी एका अशा गृहस्थांची केली होती. आमचे यमकावरून कडाक्याचे वाद होतात, आजही होतात. लोकांनी ती कविता आवर्जून उघडली, कारण मी उगाच त्यांचं कौतुक करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि 'हीपण सुचवा की राव' म्हणणाऱ्याला गोड शब्दांत सांगा, 'तुमच्यातली तुम्हाला सर्वात आवडलेली ओळ कोणती?' निम्मे इथेच गप्प होतात. जे उत्तर देतात त्यांची वाचावी, कधीकधी चांगली निघते.

घाई मात्र करू नका. रात्री वाचलेली कविता रात्रीच सुचवायची नाही. दुसऱ्या दिवशी न बघता एखादी ओळ आठवली तर ती ओळ द्यायची. काहीच आठवलं नाही, तर कविता नाही, आपला मूड छान होता.

कोरीवही

सगळ्यांचे आभार. बाईंशी बोललो. 'कळे हे' त्यांना पटलं, त्यांनी कविता बदललीसुद्धा. चौथ्या ओळीबद्दल मी काही बोललो नव्हतो, पण त्याच म्हणाल्या, 'दिवा मलापण खटकतोय, बघते.' आता हा माझा मसुदा:

'भुजंगप्रयातातली ही नवी कविता वाचली आणि थक्क झालो. काळजाला भिडणारी, विरहाची आर्त वेदना मांडणारी ही रचना वृत्तात लिहू पाहणाऱ्यांनी जरूर वाचावी. "उभी कोरडी, आत पाऊस चालू" ही ओळ दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. छत्री कोरडी आहे आणि पाऊस घरात. कवयित्री माझ्या ओळखीच्या नाहीत.'

मात्रेकरी

'थक्क झालो'पासून 'रचना'पर्यंत सगळं उडवा. काळजाला भिडणारी म्हटलं की वाचणारा काळीज सांभाळून बसतो. 'विरह' तर आधी सांगूच नका, ते छत्रीला सांगू दे. 'छत्री कोरडी आहे आणि पाऊस घरात' हेही काढा, ओळीतच आहे ते. शेवटचं वाक्यही बदला, कालच तुम्ही त्यांच्याशी बोललात ना? 'या कवितेच्या निमित्ताने ओळख झाली' म्हणा. म्हणजे उरलं:

'भुजंगप्रयातात लिहायचंय पण भाषा आजची हवी, अशांनी ही वाचावी. "उभी कोरडी, आत पाऊस चालू" ही ओळ दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. कवयित्रींशी या कवितेच्या निमित्ताने ओळख झाली.'

ओवीबाई

आणि लिंक सगळ्यात वर. खाली दिली की 'पुढे वाचा'च्या आत दडते. कवयित्रींचं नाव लिंकच्या शेजारीच, 'कवयित्री' म्हणून मोघम नको.

खडूस_वाचक

लिंक इथेही टाका. बघतो पूर्ण.