आजोबांच्या युद्धकाळातील पत्रांत युद्धच का नाही?

कोयनाकाठ: नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. गावचे जुने घर उतरवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची १९४४ आणि १९४५ या सालांतील अकरा पत्रे मिळाली. त्यांपैकी सात देवनागरीत आणि चार मोडीत आहेत. सगळी पणजोबांच्या नावे असून ‘तीर्थरूप दादांचे सेवेसी साष्टांग नमस्कार वि. वि.’ अशा आरंभानंतर पाऊस, बैलाचा दुखावलेला खूर, सावकाराचे देणे आणि मनिऑर्डर पोचली का, याखेरीज काहीही नाही. अक्षरही निदान तीन वेगवेगळ्या हातांचे दिसते. ते नेमके कुठे होते, हे कसे शोधावे? आणि आजीचा कुठेच उल्लेख का नसावा?

टपालवेडा: अक्षराचे कोडे सोपे आहे. ज्यांना लिहिता येत नसे किंवा सराईतपणे येत नसे, ते पलटणीतल्या लिहिणाऱ्या सोबत्याकडून पत्र लिहून घेत, आणि गावी ते शाळेतले मास्तर वाचून दाखवत. म्हणजे एका खाजगी पत्रावरून घरी पोचेपर्यंत किमान तिघांची नजर फिरलेली असे, कारण मध्ये सेन्सॉर होताच. ठिकाण आणि पलटणीच्या हालचाली लिहायला बंदी होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांनी यावर तोडगा काढला होता: काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरलाही ते लवकरच उमगले, हा भाग वेगळा.

ठिकाणासाठी पाकीट पाहा, पत्र नव्हे. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गावाऐवजी क्रमांक असतो आणि ते ऑफिस सैन्याबरोबर सरकत असे. त्यामुळे क्रमांक आणि तारीख दोन्ही वाचता आली, तर टपाल अभ्यासकांच्या याद्यांवरून मुक्काम बराचसा ठरवता येतो. आठव्या आणि दहाव्या या दोन्ही हिंदी डिव्हिजनांत मराठा पलटणी होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती १० जुलै १९४४ ची लढाई टायबरच्या वरच्या खोऱ्यातली, तर नामदेव जाधव यांची ९ एप्रिल १९४५ ची सेनिओ नदीवरची. तुमच्या तारखा यांच्या शेजारी मांडून पाहा.

नवखा: अशी पत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेतच ना? मग घरच्या पत्रांचे एवढे काय?

मोडीवाचक: तिथे पहिल्या महायुद्धातल्या पत्रांतले सेन्सॉरने निवडलेले उतारे आहेत, आणि तेही इंग्रजी भाषांतरात. मूळ पत्रे पुढे गावोगाव गेली आणि बहुतेक नष्ट झाली. सेन्सॉरला बैलाच्या खुरात रस नव्हता, म्हणून नेमका तोच मजकूर अशा संग्रहात अभावाने सापडतो. कोयनाकाठ, तुमच्या ट्रंकेत आहे ते हेच. कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, पाकिटासह दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. मोडीसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळलेला नसतो, एवढे ध्यानात ठेवले तर सवयीने वाचता येते.

राहता राहिला आजीचा प्रश्न. वडील हयात असताना मुलाने पत्नीला थेट पत्र लिहिणे, आणि ते मास्तरांनी चारचौघांत वाचणे, त्या काळच्या शेतकरी घरात शोभले नसते. आपण तिचे नाव शोधत आहात; ‘मंडळी’ हा शब्द शोधा. ‘आमची मंडळी’ म्हणजे पत्नी, हा अर्थ आता मागे पडला आहे.

कोयनाकाठ: काल रात्री देवनागरीतली सातही पत्रे पुन्हा वाचली. पाच पत्रांत ‘मंडळी’ आहे, आणि मी तो शब्द आजवर घरातली सगळी माणसे असा वाचत होतो. मे १९४४ च्या पत्रात बैलाच्या खुराला हळद-तेल लावण्याच्या सूचनेनंतर, त्याच ओळीत, ‘मंडळींस जड काम सांगू नये, विहीर दूर आहे’ असे लिहिले आहे. माझी थोरली आत्या त्याच वर्षी श्रावणात जन्मली.