शब्दचर्चा : 'ग्रामसभा' म्हणजे बैठक की माणसं?

प्रश्न : "रविवारी ग्रामसभा आहे" असं आपण सर्रास म्हणतो. एका नोटिशीत मात्र "ग्रामसभेची सभा" असं वाचलं. ही द्विरुक्ती चूक आहे का? आणि "सभा तहकूब" याऐवजी "सभा रद्द" लिहिलं तर चालेल?

उत्तर : नोटीस बरोबर आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ नुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सगळ्यांचा निकाय, म्हणजे त्या सगळ्यांची मिळून बनलेली संस्था. ती भरत नाही आणि संपतही नाही, भरते ती तिची बैठक. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती 'ग्रामसभा सदस्य' असते. निवडून आलेले ते 'ग्रामपंचायत सदस्य'.

हा फरक विभक्तीत दिसतो. "ग्रामसभेत ठरलं" म्हटलं की ग्रामसभा नुसती जागा होते आणि कोणी ठरवलं ते झाकलं जातं. "ग्रामसभेने ठरवलं" म्हटलं की गाव कर्ता होतं. म्हणून इतिवृत्तात (बोलीत प्रोसिडिंग) "चर्चा होऊन विषय मंजूर" एवढंच न लिहिता "ही ग्रामसभा असा ठराव करते की…" असं लिहून घ्यावं. पुढे सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच अर्थाची आहे.

तहकूब आणि रद्द : हे शब्द अदलाबदल करू नका, नुकसान होतं. रद्द झालेली सभा संपली. तहकूब सभा पुढे ढकललेली असते आणि ती पुन्हा भरते. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. ४०० मतदारांच्या गावात ६०. १,२०० मतदारांच्या गावात १५ टक्के १८० होतात, म्हणून १०० पुरतात. गणपूर्ती नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही! "रद्द झाली" समजून लोक घरी बसतात आणि पंधरा-वीस जण गावाचे ठराव करून मोकळे होतात. तिथे विषय मात्र मूळ विषयपत्रिकेवरचेच घेता येतात. नवा विषय पुढे आला तर तिथल्या तिथे हरकत नोंदवावी.

पुरवणी : वनहक्क कायद्यातली (२००६) ग्रामसभा वेगळी आहे, हे इथे सांगायलाच हवं. तिच्यात गावातले सगळे प्रौढ येतात, मतदारयादीची अट नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार गणपूर्ती निम्म्या सदस्यांची, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. म्हणजे ४०० प्रौढांच्या गावात २०० हवेत. शब्द तोच म्हणून १५ टक्क्यांचा हिशेब लावून सामूहिक दाव्याचा (गावाने मिळून जंगलावर सांगितलेल्या हक्काचा) ठराव केला, तर तो गणपूर्तीवरच अडू शकतो. ठरावाच्या पहिल्या ओळीत सभा कोणत्या कायद्याखाली आहे ते लिहावं.

आणखी एक शब्द : 'सर्वानुमते'. हा शब्द सवयीने लिहिला जातो, विरोध झाला असला तरी. सर्वानुमते म्हणजे एकही विरोध नाही. विरोध असेल तर 'बहुमताने' लिहून आकडे मागावेत : बाजूने ४२, विरोधात १७, तटस्थ ६. 'सर्वसहमती' याहून निराळी. मेंढा (लेखा) गावात मतं मोजत नाहीत, सगळे राजी होईपर्यंत चर्चा चालते.

हजेरीची सही म्हणजे संमती नव्हे, हेही शब्दाशीच जोडलेलं आहे. कोऱ्या पानावर सही करू नये. सभा संपताना शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून "एकूण हजर अमुक" हे अक्षरी लिहायला लावावं, कारण नंतर घरोघर फिरून सह्या वाढवल्या जातात त्या याच रिकाम्या जागेत.