सहावा महिना: बाळाचं वरचं अन्न आणि आईचं पळणं एकाच आठवड्यात सुरू करावं का?

गोगलगाय
बाळाला पुढच्या आठवड्यात सहा महिने पूर्ण होतील. आजवर फक्त अंगावरचं दूध. मान पक्की आहे, थोड्या आधाराने बसतं. प्रसूती साधी, टाके भरलेत, रोज अर्धा तास चालणं होतं. जोरात शिंक आली की मात्र थोडी लघवी गळते.
१) पहिल्या महिन्यात नेमकं किती आणि कसं भरवायचं?
२) बाळ जेवायला लागलं की दूध कमी लागेल. मग त्याच आठवड्यापासून माझं खाणं कमी करून पळायला लागले तर चालेल का?

कवडसा
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यातला हिशेबच चुकतोय. सुरुवातीला बाळ दोन-तीन चमचे खातं, त्यातलंही अर्धं लाळेऱ्यावर जातं. ६ ते ८ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, ९ ते ११ महिन्यांत ३००. बाकीचं दुधातूनच. म्हणजे पुढचे काही आठवडे तुमचं दूध फारसं कमी होणार नाही आणि त्यासाठी रोज लागणाऱ्या ४०० च्या आसपासच्या जादा कॅलरीही लागतच राहतील. त्याच आठवड्यात जेवण तोडलंत तर थकवा येईल आणि दूधही कमी पडू शकेल. वजन आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत उतरलं तर दुधावर सहसा परिणाम होत नाही. त्याहून घाई नको.

आता भरवण्याचं. आधी दूध, मग अर्ध्या-पाऊण तासाने अन्न. भुकेने कासावीस झालेलं बाळ चमचा शिकत नाही, चिडतं. दिवसातून दोनदा, दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा आणि हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्या. ८ महिन्यांपर्यंत दिवसाला दोन-तीन जेवणं पुरे.

सगळ्यात जास्त चुकतं ते पातळपणात. चमचा तिरका केला तरी अन्न लगेच ओघळता कामा नये. बाळाचं पोट लहान असतं. डाळीचं किंवा तांदळाचं नुसतं पाणी दिलं तर ते पोट भरतं, पण अंगी लागत नाही. शिजलेलं अन्न काट्याने कुस्करा, घट्ट वाटलं तर तुमचं काढलेलं दूध घाला आणि एक छोटा चमचा तेल किंवा तूप. मीठ-साखर वर्षभर नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो.

पहिल्या आठवड्यापासूनच लोह असलेलं काहीतरी रोज हवं. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. मऊ शिजवलेली डाळ, पूर्ण शिजलेलं अंडं, बारीक वाटलेलं मांस, यातलं जे घरात चालतं ते. डाळीसोबत टोमॅटो किंवा संत्र्याचा रस दिला की लोह जास्त शोषलं जातं. महिनाभर फळांच्या गरावरच थांबणं ही नेहमीची चूक.

दुपारची_झोप
कवडसा यांना अनुमोदन. भर घालते.

अंडं, शेंगदाणा यांसारखे ॲलर्जीचे पदार्थ वर्षभर लांबवू नका. लांबवल्याने ॲलर्जी टळत नाही, शेंगदाण्याच्या बाबतीत तर उलट वाढू शकते. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. शेंगदाणा वाटून पातळ करूनच, अख्खा कधीच नाही. अंगावर तीव्र एक्झिमा (खाज येणारे लाल, कोरडे चट्टे) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ओठ-डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला किंवा लगोलग उलट्या सुरू झाल्या, तर थेट दवाखाना.

ओकारी आणि घास अडकणं यांत फरक आहे. ओकारीत आवाज येतो, चेहरा लाल होतो आणि बाळ घास स्वतः पुढे ढकलतं. तेव्हा तोंडात बोट घालू नका, घास आणखी आत जातो. अडकलं की आवाजच बंद होतो. ते झाल्यावर काय करायचं, हे भरवायला सुरुवात करण्याआधी शिकून ठेवा. अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सुकामेवा नकोच.

शी घट्ट झाली तर केळं आणि भात थोडे कमी करून पेर (नासपती) द्या, जेवताना पेल्यातून दोन-चार घोट पाणी. वाटीत उरलेलं टाकून द्या, त्यात लाळ गेलेली असते.

गोगलगाय
दोघींचे आभार. पळण्याचं कोणी सांगेल का? व्यायामाने दूध आंबट होतं असंही ऐकलंय.

उंबरठा
दुधाचं आधी निकालात काढू: मध्यम व्यायामाने दूध बिघडत नाही. फक्त व्यायामाआधी पाजून घ्या, जड छातीने पळणं त्रासाचं होतं.

खरा अडथळा तुमची शिंक आहे. शिंकेचा दाब पेलत नसेल तर पळण्याचाही पेलणार नाही, कारण प्रत्येक पावलाला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर भार येतो. लघवी आणि गॅस एकदम रोखल्यासारखे ते स्नायू आत-वर ओढा, ८ ते १० सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखणं, कुल्ले आवळणं, किंवा वर ओढण्याऐवजी खाली कुंथणं, या तीन चुकांमुळे महिनोन् महिने फरक पडत नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. हा लगेच कामी येणारा उपाय.

पोटही तपासा. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून बघा. पोटाच्या स्नायूंमधली फट दोन बोटांहून रुंद असेल किंवा मधोमध उंचवटा येत असेल, तर सिट-अप्स (उताणं झोपून उठून बसणं) आणि प्लँक सध्या बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

३० मिनिटं भरभर चालणं, एका पायावर १० सेकंद तोल, एका पायावर १० हलक्या बैठका, जागच्या जागी मिनिटभर जॉगिंग आणि एका पायावर १० उड्या, हे सगळं गळती, दुखणं किंवा खाली जडपणा न जाणवता जमलं की पळा. सुरुवातीला एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. सात-आठ किलोचं बाळ उचलताना श्वास सोडत उचला, दिवसभरात तो व्यायाम आपोआप होतोच. आणि पुरेसं खाऊन-झोपूनही थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या, पळणं त्यानंतर.