भाऊ बॉर्डरवर, गावाकडं बांधाचं भांडण. त्याला सांगायचं की नाही?

माणदेशी_लेक:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ आर्मीत आहे, सध्या फिल्डला, नेटवर्क मिळालं तर आठवड्यातनं एखादा फोन येतो. गावाकडं आई, वहिनी आणि पाच महिन्यांचं बाळ. वडील वारलेत, मी नोकरीसाठी पुण्यात. आता झालंय असं की शेजारच्या शेतवाल्यानं नांगरताना बांध कोरून आत घेतला, वर आमचा शेतात जायचा रस्ता पण काट्या टाकून अडवलाय. बाप्या माणूस घरी नाही हे त्याला बरोबर माहितीय. आई म्हणते पोराला काय सांगू नको, तिकडं डोक्याला ताप नको. वहिनी रोज रडते. मी काय करू? आणि दिवाळीचा फराळ पाठवायचाय, कुरियरवाला पत्ता बघून नाही म्हणाला.

फौजीण_बेळगाव:
ताई आधी फराळाचं सांगते कारण ते सोपं आहे 😀 खाजगी कुरियर तिकडं जात नाही, पोस्टातनंच पाठवायचं, स्पीड पोस्ट किंवा पार्सल. पत्त्यात आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली केअर ऑफ ५६ एपीओ (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) नाहीतर ९९ एपीओ, भावाला जो असेल तो, आणि ९ नं सुरू होणारा पिनकोड. गावाचं, सेक्टरचं नाव अजिबात लिहायचं नाही. ५६ वालं दिल्लीवरनं आणि ९९ वालं कोलकात्यावरनं पुढं जातं, त्यामुळं वेळ लागतो, दिवाळीच्या बऱ्याच आधी टाका. चिवडा, शंकरपाळ्या, बेसनलाडू टिकतात, ओल्या नारळाचं काही नको. आणि भाऊ कुठं आहे हे वहिनीच्या स्टेटसला टाकू देऊ नका प्लीज, कौतुकानं टाकतात लोक, पण नको.

आता सांगायचं का नाही, तर माझं मत सांगते. आम्ही पण एकदा सासऱ्यांचं आजारपण लपवलं होतं, पण चुलतभावानं व्हॉट्सॲपवर अर्धवट काहीतरी कळवलं आणि पुढचे आठ दिवस ह्यांचा फोनच लागेना, तिकडं त्यांचे काय हाल झाले असतील बघा. त्यामुळं सांगायचं तर नीट पूर्ण सांगायचं, आणि सोबत हे पण सांगायचं की आम्ही काय करतोय.

रिटायर्ड_सुभेदार:
सांगावंच लागेल पोरी, कारण पुढची चावी त्याच्याच हातात आहे. त्यानं सीओ साहेबांच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या नावे अर्ज द्यायचा, मग युनिटमधनं कलेक्टर आणि एसपीला पत्र जातं. त्या पत्रानं तलाठी तहसीलदार जरा हलतात, हा माझा अनुभव. इकडं तुम्ही तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्याच्या आयकार्डाची झेरॉक्स आणि वहिनींचं डिपेंडंट कार्ड घेऊन.

दुसरं, समोरच्यानं कोर्टात दावा टाकला तर घाबरायचं नाही. भारतीय सैनिक खटले कायदा १९२५ चा आहे, इंग्रजांच्या काळातला, पण अजून चालू. युद्धाच्या परिस्थितीत किंवा सरकारनं ठरवलेल्या भागात असलेल्या जवानाविरुद्धची दिवाणी आणि महसुली केस त्याच्या माघारी चालवू नये म्हणून थांबवता येते. त्याची पोस्टिंग त्यात बसते का ते युनिटच लिहून देतं. वकिलांना सुद्धा कधीकधी माहीत नसतो हा कायदा, नाव कागदावर लिहून न्या.

सातबारा_उतारा:
सगळे भावाच्या मागं लागलेत 🙏 ताई, वडील वारल्यावर वारसनोंद झाली ना? मग हक्कसोड केली नसेल तर सातबाऱ्यावर तुमचं आणि आईचं पण नाव असणार. मग भावाची वाट कशाला बघताय, तुम्ही स्वतःच खातेदार आहात! रस्ता अडवलाय त्यासाठी तहसीलदाराकडं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करा, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, हे विसरू नका. बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा. काट्यांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. आणि भांडायला बांधावर जाऊ नका, विशेषतः वहिनींना एकटं पाठवू नका.

माणदेशी_लेक:
@सातबारा_उतारा हे डोक्यातच आलं नव्हतं!! नाव आहे माझं, हक्कसोड केलेली नाही. काट्या आषाढात टाकल्यात म्हणजे अजून मुदत आहे. सोमवारी रजा टाकून तहसीलला जाते.

फौजीण_बेळगाव:
गावाकडं जाताय तर अजून एक काम करा. बाळाची नोंद आर्मीच्या रेकॉर्डला झाली का वहिनींना विचारा, पार्ट टू ऑर्डर म्हणतात त्याला, जन्मदाखला लागतो. आणि वहिनींचं नाव आधार, बँक आणि आर्मीच्या कागदावर एकसारखं आहे का बघा. माहेरचं मधलं नाव एकीकडं आणि सासरचं दुसरीकडं, असं निम्म्या बायकांचं असतं, आणि नंतर त्या एका अक्षरापायी चकरा मारत बसतात.

रिटायर्ड_सुभेदार:
बरोबर. आणि कायमच फार लांब पडत असेल तर भावाला एस.एफ. म्हणजे सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी नाव टाकायला सांगा. फिल्डला असलेल्यांच्या बायकापोरांसाठीच असतात ती, पुण्यात मिळालं तर तुमच्या जवळ येतील. वेटिंग मोठं असतं मात्र.

माणदेशी_लेक:
आई गाव सोडायची नाही काका 😅 पण वहिनीला विचारते. भावाचा फोन आला की सगळं सांगणार आहे, अर्जात नेमकं काय लिहायचं ते इथंच विचारते मग.