कापड आधी धुवायचं की नाही? गोधडी शिवणाऱ्यांनो, अनुभव लिहा

समोर नव्या सुती कापडाची थप्पी आहे. एक गर्द लाल, एक निळं, बाकी सगळी पांढऱ्यावर बारीक छापाची. कातर हातात घेतली की मन मागे ओढतं: आधी धुऊन घ्यावं का? मागच्या खेपेला कंटाळा केला. गोधडी देखणी झाली होती, पण पहिल्याच धुण्यात लालने सगळं पांढरं गुलाबी करून टाकलं. तुम्ही काय करता, का करता आणि कधी पस्तावलात, सगळं लिहा. नुसतं "धुवावंच" म्हणून पळू नका.

*

मी धुते. सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर. सगळं सारखं आटलं तर बिघडत नाही. शेजारचे तुकडे कमीजास्त आटले की खरी गंमत. जुन्या, शंभरदा धुतलेल्या शर्टांचे तुकडे मी एकदा कोऱ्या फ्लॅनेलला जोडले. फ्लॅनेल इतर सुती कापडापेक्षा जास्त आटतं हे तेव्हा कुठे माहीत! एकेका चौकोनाची बशी झाली. तेव्हापासून एक तर सगळं धुते, नाहीतर काहीच नाही.

*

मी अजिबात धुत नाही. कोऱ्या कापडातली खळ हा माझा तिसरा हात आहे. ताठ कापडावर कातर सरळ चालते, त्रिकोणाची तिरकी कड शिवताना ताणली जात नाही. धुतलं की तेच कापड लोळायला लागतं. आणि खरं सांगू, मला सुरकुतलेली गोधडीच आवडते. आत सुती बॅटिंग, म्हणजे मधला भरणाचा थर, वर-खाली कोरं कापड. पहिल्या धुण्यात सगळं मिळून आटतं, टिपांमधला भाग फुगून येतो आणि नवी गोधडी दहा वर्षं वापरल्यासारखी मऊ दिसते. पॉलिएस्टरचं बॅटिंग फारसं आटत नाही, त्यात ही मजा तेवढी येत नाही.

*

वरच्या ताईंना: खळ परत देता येते की! धुवायचं, ओलसर असतानाच इस्त्री करायची, वर स्टार्चचा फवारा. काम दुप्पट होतं, नाही म्हणत नाही.

*

तयार कापलेल्या ५ इंची चौकोनांची आख्खी थप्पी मशीनमध्ये टाकण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे. बाहेर आला तो दोऱ्यांचा गुंता. त्यातून जे चौकोन सोडवले त्यांना चौकोन म्हणणं धाडसाचं होतं. तयार तुकडे धुऊ नका, बस्स. आणि सलग कापड धुणार असाल तर चारही कोपरे आधी जरासे तिरके छाटा, दोरे कमी सुटतात.

*

आटण्याचं सोडा, तो दोष खपून जातो. रंगाचा खपत नाही. मी कित्येक वर्षं प्रत्येक गडद कापड मिठाच्या पाण्यात भिजवत होतो, कधी व्हिनेगरही घालायचो, आणि वर लोकांना तसं सांगायचोही. सुती कापडाला बहुतेक वेळा रिअ‍ॅक्टिव्ह रंग असतो. जेवढा धाग्याशी जोडला गेला तेवढा पक्का. न जोडलेला रंग कापडातच उरला असेल तर तो आपल्या बादलीत उतरणार. मीठ लागतं ते रंगवताना. नंतर मीठ घातलं काय नि व्हिनेगर घातलं काय, तो उरलेला रंग पक्का होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो, गरम पाणी आणि डिटर्जंटने.

आता मी काचेच्या भांड्यात गरम पाणी घेतो, दोन थेंब डिटर्जंट, त्यात कापडाचा तुकडा अर्धा तास. पाणी रंगलं नाही तरी तो ओला तुकडा पांढऱ्या कापडावर ठेवून वाळवतो. डाग पडला तर सगळं कापड पुन्हापुन्हा धुवायचं. निळीत रंगवलेलं कापड कोरडं घासलं तरी बोटाला लागतं, त्याची वेगळी परीक्षा.

शिवून झाल्यावर रंग पसरलाच, तर गोधडी वाळू देऊ नका. ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि डिटर्जंट, पूर्ण बुडवून काही तास. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं. माझी एक अशी वाचली, एक नाही.

*

मी फक्त भिंतीवर टांगायचे तुकडे करते. धूळ झटकते. सुखी आहे.

*

मला पर्यायच नाही. कोऱ्या कापडावर वाफेची इस्त्री फिरवली की डोळे चुरचुरतात, मनगटांवर पुरळ येतं. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडावर जी प्रक्रिया करतात तिच्यात फॉर्मल्डिहाइड असू शकतं. धुतल्यावर त्रास बराच कमी होतो. तान्ह्या बाळासाठी शिवायचं असेल तर मी विचारही करत नाही, सरळ धुते.

*

ही चर्चा सुरू करणारी मीच. भांड्याची परीक्षा घेतली. छापाची सगळी पास, निळंही, आश्चर्य म्हणजे. लाल तिसऱ्या पाण्यात आहे. पाणी अजून गुलाबीच.