गृहभेट कुटुंबासाठी की रकान्यांसाठी?

रानजाई:
समाज आरोग्य परिचर्येत पहिलंच शिकवतात की सेवा गरजेनुसार द्यायची आणि एकट्या रुग्णाकडे नाही, अख्ख्या कुटुंबाकडे बघायचं. प्रत्यक्षात उंबरा ओलांडण्याआधीच काय विचारायचं ते नोंदवहीने ठरवलेलं असतं. मागे एका घरी बाळाच्या लसीसाठी गेले. काम झालं, रकाना भरला. उठताना आजीच्या उशाशी मधुमेहाच्या गोळ्यांची दोन पाकिटं दिसली, जवळजवळ भरलेली. चष्मा फुटल्यामुळे सकाळची कुठली, रात्रीची कुठली हे कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही बंद केल्या होत्या! हे लिहायला वहीत जागाच नाही. आधी उद्दिष्ट आणि मग गरज, हा उलटा कारभार थांबला पाहिजे.

ध्रुव:
असहमत. 1978 मध्ये अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेतून ‘2000 पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ गाठायचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी वॉल्श आणि वॉरन या संशोधकांनी दाखवून दिलं की पैसा तुटपुंजा असेल तर जास्त जीव घेणारे, पण स्वस्तात टळणारे आजार आधी धरावेत. युनिसेफने मग बाळांच्या वाढीवर लक्ष, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण यांवर भर दिला. त्यातून बाळं वाचली. सगळंच करायला गेलं की एकही काम धड होत नाही.

रानजाई:
जलसंजीवनीचंच बघा. एक लिटरचं पाकीट दिलं की भेट मोजली जाते. एका आईने ते अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं होतं. इतकं खारट पाणी बाळाला घातक! तिच्याच पातेल्यात लिटरभर पाणी ओतून खूण करून दिली, तेव्हा कुठे जमलं. तुमचा निवडक कार्यक्रमही घरात बसल्याशिवाय चालत नाही.

माजी पर्यवेक्षिका:
तरीही आकडे हवेत, रानजाईताई. यादी नसली की पावलं ओळखीच्या, चहा देणाऱ्या घरांकडेच वळतात आणि टोकाची वस्ती राहून जाते. हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. समन्याय, म्हणजे कुणीही वगळलं न जाणं, हेही प्राथमिक आरोग्य सेवेचंच तत्त्व आहे.

रानजाई:
हे पटलं. यादी राहू दे. फक्त ‘या घराला काय हवंय?’ असा एक मोकळा रकाना द्या.

ध्रुव:
तो वाचणार कोण?

माजी पर्यवेक्षिका:
वहीवर सही करणारी. मी वाचला असता. त्या आजींचं पुढे काय झालं?

रानजाई:
चष्मा दुरुस्त होईपर्यंत सकाळच्या पाकिटाला रबरबँड लावून दिला होता. बोटांनी चाचपून घ्यायच्या.